सौरपंप घेताना अश्वशक्तीआधी विहिरीची आवक पाहा



सौर कृषिपंपाचा विषय निघाला की मेळाव्यात किंवा शिवारफेरीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साहेब, तीनचा घ्यावा की पाचचा?" त्याला उत्तर देण्याआधीच मागून कोणीतरी म्हणतो, "मिळतोय तर साडेसातचाच घ्यावा." विजेच्या मोटरीच्या बाबतीत असा विचार काही अंशी चालून गेला. मोटर मोठी आणि झरे लहान असले तरी दोन तास उपसा करायचा, मोटर बंद करायची, पाणी साचले की पुन्हा सुरू करायची. सौरपंपाची गोष्ट वेगळी आहे. तो उन्हाच्या वेळापत्रकाने चालतो आणि दिवसाचे जे पाच-सहा तास चांगले मिळतात त्यांतच त्याला सगळे काम उरकावे लागते. म्हणून अश्वशक्तीचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आपली विहीर दिवसाला किती पाणी देते, ते किती उंच चढवायचे आहे आणि पिकाला रोज किती लागते, हे आधी कागदावर मांडावे.

दिवसा मिळणाऱ्या पाण्याचे मोल आपणास सांगायला नको. राज्यातील शेतीचा वीजपुरवठा वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने होत आला : दिवसाची पाळी आली तर आठ तास, रात्रीची आली तर दहा तास. पौषाच्या थंडीत मध्यरात्री दारे धरायला जाणे, बॅटरीच्या उजेडात वाफ्यावरून वाफ्यावर फिरणे, पायाखाली साप आणि जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, निफाडच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची धास्ती, हे सारे पाण्याच्या खर्चात कधी मोजले गेले नाही. एखादी फेज गेली किंवा दाब पडला की मोटर जळण्याचा खर्च निराळाच. शिवाय अंधारात दिलेले पाणी नेमके कोणत्या सरीत किती गेले ते कळत नाही. वाफा भरून वाहून जातो आणि सकाळी पाहावे तर शेवटची सरी कोरडी. सौरपंपाने यातला बराच त्रास जातो. परंतु त्याच्याकडे 'वायर काढलेली विजेची मोटर' म्हणून पाहिले तर तो निराशा करतो.

पॅनेलला ऊन हवे, उष्णता नको

सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर प्रकाश पडला की त्यांत वीजप्रवाह सुरू होतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली अशी पहिली व्यवहारोपयोगी चकती दाखवली, तेव्हा प्रकाशातील जेमतेम ६ टक्के ऊर्जेची वीज होत असे. आज बाजारातील चांगली पॅनेल २० टक्के किंवा त्याहून थोडी अधिक वीज देतात. एका चकतीचा दाब अर्धा व्होल्टच्या आसपास असतो. अशा अनेक चकत्या एकापुढे एक जोडून पॅनेल होते आणि अनेक पॅनेल ओळीने जोडून पंपाला पुरेसा दाब मिळवला जातो.

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतील असतात : चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि चकतीचे तापमान २५ अंश. आपल्या शेतात वैशाखात दुपारी चकतीचे तापमान ६० अंशांच्या वर जाते. २५ अंशांच्या पुढे दर अंशाला सुमारे ०.४ टक्के या हिशेबाने उत्पादन घटते, म्हणजे ऐन कडक उन्हात १४-१५ टक्के वीज नुसत्या तापण्याने कमी होते. "मे महिन्यात एवढे ऊन, मग पाणी फेब्रुवारीइतकेच का?" असे अनेक जण विचारतात, त्याचे उत्तर यात आहे. पाणी तापवणाऱ्या सौरबंबाला उष्णता लागते, पॅनेलला उजेड लागतो. म्हणून पॅनेल जमिनीला चिकटून बसवू नयेत, खालून वारा खेळता राहील इतकी उंची ठेवावी.

सकाळी मोटर फिरते, पाणी का येत नाही?

बहुतेक तक्रारी या एका गोष्टीवरून येतात, म्हणून ती नीट समजून घ्यावी. विजेची मोटर सुरू केली की पूर्ण वेगाने फिरते. सौरपंपाचा कंट्रोलर मात्र उपलब्ध उन्हाप्रमाणे मोटरीचा वेग कमी-जास्त करतो. आता पंपाचा नियम असा की, वेग निम्मा झाला तर पाणी चढवण्याची ताकद निम्मी राहत नाही, ती एकचतुर्थांश उरते. वेग ८० टक्के असेल तर पंप आपल्या कमाल उंचीच्या फक्त ६४ टक्के उंचीपर्यंत पाणी नेऊ शकतो.

समजा, पंप पूर्ण वेगाला जास्तीत जास्त ६० मीटर चढवतो आणि आपल्याला पाणी ४५ मीटर उचलायचे आहे. तर वेग सुमारे ८७ टक्क्यांवर जाईपर्यंत मोटर फिरत राहील, पण वर थेंबही येणार नाही. ऊन तेवढे चढायला सकाळचे साडेनऊ-दहा वाजतात आणि दुपारी तीन-साडेतीननंतर तीच अडचण उलट दिशेने येते. याउलट, तोच पंप २० मीटरच्या विहिरीवर बसवला तर कोवळ्या उन्हातही पाणी सुरू होते. पाणी जितके खोल, तितका सौरपंपाचा दिवस आखूड, हे लक्षात ठेवावे. ढगाळ दिवशी खोल बोअरवाला रिकामा बसतो आणि उथळ विहीरवाल्याचे निदान अर्धे भरणे होते, तेही याचमुळे. पंप निवडताना त्याची कमाल उंची आपल्या गरजेला टेकलेली नसावी, भरपूर वाव असावा. विक्रेत्याकडून पंपाचा तक्ता मागून घ्यावा आणि आपल्या उंचीला सेकंदाला किती लिटर मिळतात ते त्यात पाहावे. तक्ता दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याचा पंप न घेतलेला बरा.

हिशेब कसा मांडावा?

एक हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला सुमारे २.७ वॅट-तास ऊर्जा लागते. हा निसर्गाचा दर आहे, त्यात कोणतीही कंपनी सूट देऊ शकत नाही. आता एक उदाहरण घेऊ. विहिरीत उन्हाळी पाणी १४ मीटरवर आहे. शेताची उंच कड विहिरीपासून ४ मीटर वर आहे. पाइपलाइन ३०० मीटर लांब, ७५ मिलिमीटरची. दुपारच्या सेकंदाला साडेतीन लिटरच्या प्रवाहाला तिच्यात घर्षणाने सुमारे ४ मीटर जातात. पुढे गाळणी आणि ठिबक मिळून दीड किलो दाब हवा, म्हणजे १५ मीटर. एकूण उंची, ज्याला पंपवाले 'हेड' म्हणतात, ३७ मीटर झाली. इतक्या उंचीला हजार लिटरमागे १०० वॅट-तास लागतील. पंप, मोटर व कंट्रोलर मिळून कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर पॅनेलकडून प्रत्यक्षात सव्वादोनशे वॅट-तास घ्यावे लागतील.

तीन अश्वशक्तीच्या पंपाला साधारण ३००० वॅटची पॅनेल असतात. आपल्याकडे स्वच्छ दिवशी पूर्ण ताकदीच्या सुमारे ५ तासांइतके ऊन मिळते. धूळ, तापमान, वायर यांची तूट वजा जाता १२ युनिट, म्हणजे १२,००० वॅट-तास हाती लागतात असे धरावे. भागाकार केला तर दिवसाला सुमारे ५३ हजार लिटर पाणी होते.

हे पाणी किती क्षेत्राला पुरेल? ठिबकवर भर उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे तर एकरी २० हजार लिटर लागते. म्हणजे अडीच एकराला थोडे वरच. त्याच पाण्याने पाटाने भिजवायचे ठरवले तर एका पाळीला ५० मिलिमीटर, एकरी दोन लाख लिटर, म्हणजे एक एकर भिजायला चार दिवस. पहिल्या वाफ्याचा वाफसा येईपर्यंत शेवटचा वाफा भिजलेला नसतो. म्हणून सौरपंप घेणाऱ्याने ठिबक किंवा तुषारचा विचार बरोबरच करावा, पुढच्या वर्षावर टाकू नये.

पाइपची एक गोष्ट येथेच सांगतो. पैसे वाचवायला वरील उदाहरणात ७५ ऐवजी ६३ मिलिमीटरचा पाइप टाकला तर घर्षण ४ मीटरवरून ९ मीटरवर जाते आणि दिवसाचे सुमारे ६ हजार लिटर पाणी त्यातच जिरते. विजेच्या मोटरीला ही तूट अर्धा तास जास्त चालून भरून काढता येई. सूर्य अर्धा तास जास्त थांबत नाही.

आता विहिरीकडे वळू

वरचा सगळा हिशेब विहिरीत पाणी आहे हे गृहीत धरून झाला. राज्याच्या बहुतांश भागाखाली काळा बेसॉल्ट खडक आहे. पाणी त्याच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात साठते, त्यामुळे शेजारी-शेजारी दोन विहिरींची आवक सारखी नसते आणि कार्तिकात तुडुंब असलेली विहीर चैत्रात खड खड वाजते. त्यामुळे आवक उन्हाळ्यातच मोजावी. पद्धत सोपी आहे. संध्याकाळी उपसा थांबवून पाण्याची पातळी दोरीला गाठ मारून टिपावी आणि सकाळी पुन्हा मोजावी. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाणी ३० सेंटिमीटर चढले तर सुमारे साडेआठ हजार लिटर आले असे समजावे. एप्रिलमध्ये संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या १४ तासांत पातळी १.२ मीटर चढली तर ३४ हजार लिटर आले, म्हणजे चोवीस तासांची आवक ५८ हजारांच्या घरात. या विहिरीला आपल्या उदाहरणातला तीनचा पंप नेमका जुळतो. पाचचा बसवला तर तो दिवसाला ८५ हजार लिटर मागेल. दुपारच्या आतच विहीर तळ गाठेल, कोरड्या चालण्यापासून वाचवणारी यंत्रणा पंप बंद करील आणि दिवसातले सर्वांत चांगले ऊन पॅनेलवर नुसते पडून राहील.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना २०२४ साली आली, तेव्हा तिच्यात अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ अश्वशक्ती अशी क्षेत्रावरून विभागणी ठरली. शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के आणि पाच वर्षांची दुरुस्तीची हमी. क्षेत्रावरून पंप ठरवणे शासनाच्या दृष्टीने सोयीचे आहे, पण विहिरीला सातबारा वाचता येत नाही. याच योजनेत पात्रतेपेक्षा कमी क्षमतेचा पंप मागण्याची मुभा आहे आणि तिचा उपयोग फार थोडे जण करतात. आवक मोजून लहान पंप मागण्यात कमीपणा मानू नये.

आणखी एका बाबीकडे लक्ष वेधावेसे वाटते. भारनियमनाने आजवर उपशाला आपोआप लगाम बसत होता. सौरपंपाला बिलही नाही आणि भारनियमनही नाही. ऊन आहे म्हणून पंप सुरू ठेवायचा, पीक नको म्हणत असले तरी, ही सवय लागायला वेळ लागत नाही. पाणलोटातल्या वीस विहिरींवर एकाच वर्षी वीस सौरपंप बसले आणि सगळे दिवसभर चालले तर फेब्रुवारीतच वीसही जण विहिरीत डोकावून बघत बसतील. कोणी विहिरीचे पाणी उपसून शेततळ्यात साठवतात. ३० बाय ३० मीटरच्या उघड्या तळ्यातून उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी ७,२०० लिटर पाणी हवेत जाते. भूगर्भात सावलीला असलेले पाणी उन्हात आणून ठेवण्याचा हा उद्योग मला पटत नाही. पावसाळ्यातले वाहते पाणी तळ्यात घेणे वेगळे, ते अवश्य करावे. एका दिवसाच्या ठिबकापुरती उंचावर टाकी बांधणेही उपयोगाचे आहे.

मग उरलेल्या विजेचे काय करावे? पावसाळ्यात आणि पीक निघाल्यावर पंप कित्येक आठवडे उभा असतो. आता असे कंट्रोलर मिळतात ज्यांवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी यांसारखी यंत्रे चालतात. पंप घेतानाच त्याची चौकशी करावी, नंतर स्वतःच्या मनाने जोडणी केल्यास हमी जाते. गुजरातमधील ढुंडी या गावात तर २०१६ मध्ये सौरपंपधारक शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने न लागलेली वीज ग्रीडला विकायला सुरुवात केली. विजेला दर मिळाला तर पाणी उगाच उपसण्यापेक्षा ती विकणे परवडते, हा त्यामागचा विचार. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेत वीजजोडणी असलेल्या पंपांसाठी याच धर्तीचा घटक ठेवण्यात आला. आपल्या राज्यात वीजजोडणीधारकांसाठी वेगळी वाट निवडली गेली : गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरलाच दिवसा वीज द्यायची. ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासूनची. ज्यांचा फीडर असा दिवसा चालू झाला आहे, त्यांनी चांगली चालणारी मोटर काढून सौरपंपामागे धावण्याचे कारण नाही.

ठिबकशी जुळवणी

उन्हाबरोबर दाब बदलतो, म्हणून ठिबकची आखणी बदलावी. सर्व व्हॉल्व्हचे क्षेत्र सारखे ठेवू नये. सकाळी आणि दुपारनंतर लहान भाग, अकरा ते दोन या वेळात मोठे भाग चालवावेत. दाब नियंत्रित करणारे ड्रिपर घेतल्यास चढ-उताराच्या जमिनीत फरक कमी पडतो. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुण्याचे काम भर दुपारी, प्रवाह जोरात असताना करावे. सकाळच्या मंद प्रवाहात गाळणी धुतली तर घाण सुटत नाही, नुसते पाणी वाया जाते. खतेही दाब स्थिर झाल्यावर सोडावीत.

जागा, सावली आणि निगा

पॅनेलचे तोंड दक्षिणेला असावे. कल साधारण आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे सोलापूरकडे १७-१८ अंश आणि नागपूरकडे २१ अंश. सावलीबद्दल मात्र कडक राहावे. चकत्या एका ओळीत जोडलेल्या असल्याने एका कोपऱ्यावर पडलेली सावली पूर्ण ओळीचा प्रवाह कमी करते. पाइपात एका जागी बोळा बसावा तसे होते. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला खाली असतो. तेव्हा भर दुपारीही झाडाची सावली जवळजवळ झाडाएवढी लांब पडते आणि सकाळी नऊला तिची लांबी दुपटीच्या जवळ जाते. जूनमध्ये जागा पाहून "येथे सावली नाही" असे म्हणणे फसवे आहे. पॅनेलच्या दक्षिणेला ऊस, केळी किंवा तूर दाट लावू नये. बांधावरचे बाभळीचे झाड तोडण्याआधी पॅनेल दहा मीटर सरकवता येतात का ते पाहावे.

धूळ आठ-पंधरा दिवसांनी पुसावी. काम सूर्योदयाच्या सुमारास, काच थंड असताना करावे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारल्यास तिला तडा जाण्याचा धोका असतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग काचेवर धरतात, म्हणून शक्यतो गोडे पाणी आणि मऊ फडके वापरावे. पक्ष्यांची विष्ठा लगेच काढावी, कारण तिच्याखालची चकती तापून कायमची निकामी होऊ शकते. बागेवर गंधकाची भुकटी किंवा बोर्डो मिश्रण मारताना वाऱ्याची दिशा पाहावी.

आणि एक धोक्याची सूचना. कंट्रोलर बंद केला तरी उजेड आहे तोवर पॅनेलच्या वायरींत शेकडो व्होल्टचा एकदिश प्रवाह तयार असतो. या प्रवाहाचा झटका सुटता सुटत नाही आणि चालू जोडणी ओढून काढली तर ठिणगीचा जाळ होतो. पॅनेलमागच्या जोडण्यांना हात लावू नये, मुलांना तेथे खेळू देऊ नये, उंदरांनी कुरतडलेली वायर चिकटपट्टी लावून चालवू नये. वळवाच्या पावसाआधी वीजरोधक आणि अर्थिंगची तार जागेवर आहे ना, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला नाही ना, हे पाहून ठेवावे.

जोडणी पूर्ण झाल्यावर ताबा-पावतीवर सही करण्यापूर्वी स्वच्छ दिवशी दुपारी बारा वाजता २०० लिटरचे पिंप पाइपच्या तोंडाशी ठेवावे आणि भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजावे. साठ सेकंद लागले तर प्रवाह सेकंदाला ३.३ लिटर. हा आकडा, तारीख आणि त्या दिवशीची विहिरीची पातळी कंट्रोलरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेवावी. दरवर्षी त्याच महिन्यात, विहिरीची पातळी तेवढीच असताना, पुन्हा मोजावे. वेळ वाढत गेली तर आधी काच पुसावी, मग गाळणी आणि पाइपची गळती पाहावी. तरीही फरक राहिला तर हमीच्या मुदतीतच पंप बसवणाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी.